दगडफुलाचा माग : भीमेच्या काठापासून लेण्यांच्या डोंगरापर्यंत

उन्हाळा आला की दौंड-शिरूर भागात घरोघरी वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. अंगणात मिरच्या वाळत पडतात, धने-खोबरे भाजले जाते, डंकावर नंबर लागतो. वाण्याकडून आणलेल्या पुड्या सोडल्या की लवंग, दालचिनी, तमालपत्र यांच्याबरोबर एक पुडी अशी निघते, की तिच्यातल्या जिनसाकडे कोणी निरखून पाहत नाही. करड्या-काळ्या रंगाचे, चुरगळलेल्या कागदासारखे ते तुकडे. हातात घेतले तर वजन लागत नाही. कच्चे असताना वास ओल्या मातीसारखा. तेलात परतले की शेजारच्या घरालाही कळते. हे दगडफूल.

आमच्या महिला मंडळातील एका मावशींनी सरळ प्रश्न केला, "धने शेतात होतात, मिरची शेतात होते. हे दगडफूल कुठल्या दगडावर होतं? आपल्या रानात दगडांना काय तोटा हाय का? मग आपल्याकडं का दिसत नाही?" प्रश्न साधा, पण विचार करायला लावणारा. म्हणून पावसाळा सरल्यावर दौंड आणि शिरूर येथील आम्ही पाच कुटुंबांनी, मुलाबाळांसह, दगडफुलाचा माग काढायचे ठरविले. जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फूल नव्हे, झाडही नव्हे

दगडफूल हे फूल नाही. त्याला मूळ नाही, खोड नाही, खरे पानही नाही. शास्त्रज्ञ त्याला लायकेन म्हणतात. मराठी विश्वकोशात त्याला शैवाक असा शब्द आहे. शैवाक म्हणजे दोन जीवांचा एकत्र संसार. एक बुरशी आणि दुसरे शैवल, म्हणजे पाण्याच्या टाकीला हिरवा थर आणणाऱ्या सूक्ष्म जीवांचे भाऊबंद. बुरशीला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. शैवलाला ते उन्हाच्या उजेडात करता येते. पण उघड्या खडकावर एकटे राहिले तर ते वाळून जाईल. तेव्हा बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, आणि शैवल त्या घरात राहून दोघांपुरते रांधते.

सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली ही गोष्ट प्रथम मांडली, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाक-अभ्यासकांनी ती साफ नाकारली. शैवाक हा एकच जीव आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाने आणि प्रयोगांनी श्वेंडेनर यांचेच म्हणणे खरे ठरविले.

जगात शैवाकांच्या सुमारे २० हजार जाती आहेत. आपल्या देशात २ हजारांहून अधिक. ओळखायला सोपे म्हणून त्यांचे तीन प्रकार करतात. पहिला, खपलीसारखा. हा दगडाला किंवा सालीला इतका चिकटलेला असतो की नखाने निघत नाही. लांबून चुन्याचा शिंतोडा उडाल्यासारखा वाटतो. दुसरा, पानासारखा. याच्या कडा सुट्या, वळलेल्या असतात. मसाल्यातले दगडफूल या प्रकारातले. तिसरा, झुडपासारखा किंवा दाढीसारखा लोंबणारा. हा महाबळेश्वरसारख्या उंच, धुक्याच्या ठिकाणी फांद्यांवर दिसतो.

बालमित्रांनो, शैवाक ओळखायची एक गंमत सांगतो. झाडाच्या सालीवर करडा डाग दिसला तर त्यावर चार थेंब पाणी टाका आणि थोडा वेळ थांबा. डाग हळूहळू हिरवट झाला तर समजा, आत शैवल जिवंत आहे. चुना किंवा रंग असेल तर तो पाण्याने हिरवा होणार नाही. आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल ओळखायला जो लिटमस कागद वापरता, त्याचा रंगही मूळचा शैवाकापासूनच काढीत, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या दोन तालुक्यांत

आम्ही शोध घरापासूनच सुरू केला. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी येथे कुकडीच्या पात्रात पाण्याने खडक कोरून रांजणासारखे खोल खळगे पाडले आहेत. पलीकडच्या काठावर पारनेर तालुक्यातले निघोज. हे रांजणखळगे पाहायला लोक दुरून येतात. आम्ही या वेळी खळगे सोडून काठाचा कोरडा खडक पाहिला. पुराचे पाणी जिथवर घासून जाते, तिथवर खडक काळा आणि स्वच्छ. त्याच्या वर, जिथे पाणी पोचत नाही, तिथे करडे आणि पिवळसर ठिपके. मावशींना वाटले होते की आपल्याकडे दगडफूल नाहीच. आहे, पण ते खपलीसारखे, मसाल्यात न चालणारे. उन्हाचा चटका आणि आठ-आठ महिन्यांचा कोरडा काळ सोसू शकणारे तेवढेच इथे टिकते.

त्याच तालुक्यातील मोराची चिंचोली मोरांसाठी आणि जुन्या चिंचांसाठी प्रसिद्ध आहे. चिंचेची साल खडबडीत असते, ओल धरते, आणि घेरदार झाडाखाली सावली असते. खोडाची जी बाजू दुपारच्या उन्हापासून आडोशाला आहे, तिच्यावर डाग जास्त. उन्हाच्या बाजूला कमी. दौंडकडे आंबा, लिंब, बाभूळ पाहिली. जुन्या आंब्यावर करडे डाग सापडले. निलगिरीवर मात्र काही नाही, कारण तिची साल सोलून पडत राहते. भाडेकरूला रोज घर बदलायला लावले तर त्याचा संसार कसा उभा राहणार?

मग पानासारखे, जाड, वासाचे दगडफूल कुठे? त्याचे उत्तर आपल्या नद्या सांगतात. कुकडी जुन्नरच्या डोंगरात उगम पावते, घोड आंबेगावच्या, भीमा भीमाशंकरच्या. तिन्ही सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस घेऊन आपल्या कोरड्या मुलखात येतात. दौंड-शिरूरला वर्षाकाठी सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात सुमारे ७००. आणि लोणावळ्याला ४ हजारांच्या घरात. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात पाऊस आठ-नऊ पटीने वाढतो. ढग डोंगरावर रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला उरलेले शिंतोडे येतात. पाणी नदीने आपल्यापर्यंत येते. दगडफूल मात्र डोंगरावरच राहते, कारण त्याला मुळे नाहीत. ते पाणी पिते ते पावसाचे, धुक्याचे आणि दवाचे.

दौंडहून मळवलीला

म्हणून आम्ही सकाळच्या गाडीने दौंडहून पुणे गाठले आणि तेथून लोणावळ्याची लोकल धरून मळवलीला उतरलो. केडगाव, यवत, उरुळीचा उसाचा सपाट मुलूख मागे पडतो, शहर मागे पडते, तळेगावनंतर हवा बदलते आणि कामशेतपासून दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात. मळवली स्टेशनाच्या एका बाजूला भाजे लेणी, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडून कार्ले लेणी. आपली बहुतेक कुटुंबे कधी ना कधी इथे वंदनेला येऊन गेली आहेत. या वेळी डोळे लेण्यांबरोबर झाडांकडेही होते.

भाज्याच्या वाटेवरच्या आंब्याजवळ मावशी थांबल्या. खोडावर तळहाताएवढी करडी पाने पसरलेली, कडा वर वळलेल्या, खालची बाजू काळसर. त्यांनी हात न लावता वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या पुडीतलंच!" दगडफुलाचे नाव दगडाचे असले तरी बाजारात येणारे पुष्कळसे माल झाडाच्या सालीवरचे असते, हे तिथे सगळ्यांना पटले.

थोडे निरखले तर प्रत्येक जातीची जागा ठरलेली दिसते. पायऱ्यांच्या मोकळ्या दगडावर खपलीसारखी. खडबडीत खोडावर पानासारखी. गुळगुळीत सालीच्या झाडावर पांढऱ्या डागात बारीक काळ्या रेघा, जणू कोणी टाकाने काही लिहून ठेवले आहे. या शैवाकांच्या कुळाचे नावच ग्रीक भाषेतील 'लिहिणे' या शब्दावरून पडले आहे. भीमाशंकरसारख्या सदाहरित रानात तर झाडाच्या जिवंत पानांवरही शैवाके वाढतात, कारण तिथे पाने वर्षभर हिरवी आणि हवा दमट असते.

या साऱ्या संसाराची नोंद पुण्यातच झाली आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. आघारकर संशोधन संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतर्फे सुरू झाली आणि १९९२ पासून ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला. डॉ. उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीत फिरून, विशेषतः या रेघांच्या कुळातील, अनेक नव्या जाती जगापुढे आणल्या. भिंग घेऊन झाडाच्या सालीत डोके घालणाऱ्या या माणसांची नावे वर्तमानपत्रात क्वचितच येतात.

लेण्यांचा दगड आणि त्यावरची अक्षरे

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या खांबांवर व भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजाचे नाव मोठ्या ग्रंथात राहते. सुताराचे नाव दगडात राहिले, हे आम्हाला मोलाचे वाटते. दगडफुलालाही संस्कृतात शैलेय असे नाव होते आणि जुन्या काळी सुगंधी द्रव्यांत ते वापरीत.

आता शैवाकाची दुसरी बाजू. लेण्याच्या आत, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही, तिथे ते जवळजवळ नाही. दर्शनी बाजूला, जिथे पावसाचे ओघळ येतात, तिथे डागच डाग. शैवाक आम्ल स्रवते आणि बुरशीचे बारीक तंतू दगडाच्या कणांत शिरतात. ओले झाले की फुगते, वाळले की आकसते. शतकानुशतके असे चालले की दगडाचा वरचा पापुद्रा सैल होतो. डोंगरात उघड्या कातळाची माती व्हायला याच कामाची मदत होते. लेण्यात मात्र त्याच कामाने अक्षर झिजते.

हे वाचून कोणी उत्साहाने चाकू किंवा तारेचा ब्रश घेऊन लेणी साफ करायला निघू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे. शैवाक खरवडले की त्याच्या तंतूंना धरून दगडाचे कणही निघतात. दोन हजार वर्षांत जे झिजले नाही ते आपण एका दुपारी घालवू. हे काम पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांचे आहे. आपण करायचे ते इतकेच : दगडावर नाव कोरायचे नाही, कोणाला कोरू द्यायचे नाही, खडू-रंग लावायचा नाही. सामी सुताराने दरवाजा घडवून नाव लिहिले. आपण काहीच न घडविता नाव का लिहावे?

हवेचा साक्षीदार

आता ज्यासाठी हा लेख विशेषकरून लिहिला, त्या गोष्टीकडे येतो.

शैवाकाला मुळे नाहीत आणि झाडाच्या पानावर असतो तसा मेणाचा लेपही नाही. हवेत आणि पावसात जे असेल ते सारे त्याच्या अंगात शिरते. झाड विषारी झालेले पान गाळून टाकते. शैवाकाला गाळायला काही नाही. कोळसा आणि जड तेल जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू त्याच्या शैवलाचे हरितद्रव्य मारतो, आणि रांधणारा गेला की घर कोसळते.

विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाला १८६६ साली पॅरिसमध्ये असे दिसले की लक्झेंबर्ग बागेत शैवाके पुष्कळ आहेत, पण शहराच्या इतर भागांत ती दिसत नाहीत. हवा मोजायची यंत्रे नव्हती, तेव्हा झाडाच्या सालीने त्याला हवेची प्रत सांगितली. पुढे १९७० साली ब्रिटनमध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या दोघांनी कोणती शैवाके दिसतात त्यावरून हवेचे दर्जे ठरविणारा तक्ता प्रसिद्ध केला. त्याच दशकात तेथील शाळकरी मुलांनी गावोगावची झाडे, भिंती आणि कबरीचे दगड पाहून देशाच्या हवेचा नकाशा तयार करण्यात भाग घेतला. लहान मुलांनी, साध्या डोळ्यांनी!

दुसरे उदाहरण दुःखाचे. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुकेंद्राचा स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर उत्तरेला गेली आणि पावसाने स्वीडन-नॉर्वेच्या डोंगरांवर उतरली. शैवाकांनी ती शोषून घेतली. हिवाळ्यात रेनडियर हरणे शैवाकांवरच जगतात. हरणांचे मांस दूषित झाले आणि त्यावर पोट असणाऱ्या सामी लोकांना ते फेकून द्यावे लागले. स्फोट कुठे, आणि ताटातले अन्न कोणाचे गेले!

आपल्या भागातही हवेचा प्रश्न दूरचा नाही. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, रांजणगाव आणि सणसवाडीला मोठमोठे कारखाने आहेत, साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत, रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी आहेत. आपले बांधव तिथेच पाळीने कामाला जातात आणि जवळच खोली घेऊन राहतात. घरात कोणाला धाप लागते, लहान मूल रात्री खोकत राहते, तेव्हा "हवाच तशी आहे" म्हणून आपण गप्प बसतो. हवा कशी आहे, हे पाहण्याचे एक साधन दारातल्या झाडावर आहे.

पण सत्य सांगायचे तर अर्धेमुर्धे सांगू नये. दौंडच्या झाडावर शैवाक कमी दिसले म्हणून लगेच कारखान्यावर बोट ठेवता येत नाही. आपल्याकडे पाऊसच कमी, म्हणून शैवाकेही कमी. तसेच शैवाक दिसले म्हणजे हवा निर्मळ, असेही नाही. पिक्झीन कोकोज नावाची एक करडी जात धूळ आणि धूर सोसून शहरातल्या रस्त्याकडेलाही वाढते. म्हणून भाज्याच्या आंब्याशी दौंडच्या आंब्याची तुलना करू नये. दौंडच्या आंब्याची तुलना दौंडच्याच दुसऱ्या आंब्याशी करावी.

त्याची रीत सोपी आहे. एकाच जातीची, साधारण एकाच वयाची सहा झाडे निवडा : तीन कारखान्याच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या जवळ, तीन दोन-तीन किलोमीटर लांब. छातीच्या उंचीवर खोडाभोवती पाहा. किती जागा भरली आहे यापेक्षा किती तऱ्हेचे डाग आहेत ते मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा पाहा. दूरच्या झाडांवर चार तऱ्हा आणि जवळच्या झाडांवर एकच, असे दरवर्षी दिसत राहिले, तर ती वही घेऊन ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा आणि यंत्राने हवा मोजण्याची मागणी करा. वही हा शेवटचा पुरावा नाही, पण तारखेवार लिहिलेली वही पुढे ठेवणाऱ्या माणसाला सहज परत पाठविता येत नाही.

एक चमचा मसाल्याची किंमत

शेवटी पुन्हा पुडीकडे. आपल्या बाजारातले दगडफूल मोठ्या प्रमाणावर हिमालयाच्या उतारावरून, उत्तराखंडासारख्या भागातून येते. कुमाऊंत त्याला झूला म्हणतात. डोंगरातील गावकरी बांजाच्या, म्हणजे ओकच्या, झाडांवरून ते काढतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला विकतात. तमिळनाडूत याच जिनसाला कल्पासी म्हणतात.

पानासारखे शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढते; खपलीसारखे तर त्याहून कमी. म्हणजे तळहाताएवढे दगडफूल व्हायला आठ-दहा वर्षे सहज लागतात, आणि काही जातींना त्याहून कितीतरी जास्त. मसाल्यात आपण जे चिमूटभर घालतो, ते आपल्या शाळकरी मुलाच्या वयाचे असते. धन्यासारखे ते दुसऱ्या वर्षी पुन्हा उगवत नाही. म्हणून माता-भगिनींना सांगणे आहे, की ते लागेल तेवढेच घ्यावे, कोरड्या डब्यात झाकून ठेवावे म्हणजे वाया जात नाही. आणि सहलीला गेल्यावर झाडावरून किंवा दगडावरून ओरबाडून आणू नये. खाण्याचे कोणते आणि न खाण्याचे कोणते हे नुसते पाहून कळत नाही. शिवाय भीमाशंकरसारख्या अभयारण्यातून काहीही तोडून आणणे कायद्याने गुन्हा आहे.

लेण्यांच्या सहली पुन्हा निघतील, तेव्हा प्रत्येक वसाहतीने सोबत एक भिंग, एक पाण्याची बाटली आणि एक वही घ्यावी. पण त्यासाठी मळवलीपर्यंत जायची वाट पाहायला नको. वसाहतीच्या तोंडाशी एखादा जुना लिंब किंवा चिंच असेलच. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिच्यापाशी उभे राहा, सालीवर चार थेंब पाणी टाका, आणि काय दिसते ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.